पोहोचमास्तरांची चुकलेली बजावणी

बेलिफ म्हटलं की लोकांचं तोंड वाकडं होतं. दारात बेलिफ उभा राहिला म्हणजे काहीतरी बालंट आलं असं लोक धरून चालतात, आणि ते फारसं चूकही नसतं. माझ्या थोरल्या बहिणीने बेलिफाशी लग्न केलं तेव्हा मीही तोंड वाकडं केलं होतं. पुढे मला त्याच कोर्टात रेकॉर्ड रूममध्ये नोकरी लागली. रोज भाऊजींबरोबर एकाच जिन्याने चढायची वेळ आली आणि माझं तोंड हळूहळू सरळ झालं. आता ते निवृत्त झालेत आणि घरी बसून माझ्या बहिणीच्या प्रत्येक कामात चुका काढतात. म्हणजे त्यांच्याबद्दल लिहायला आता हरकत नाही.

कोर्टात त्यांना सगळे पोहोचमास्तर म्हणायचे. कोर्टाचा कागद ज्याच्या नावाचा असेल त्याच्या हातात द्यायचा, पोहोच म्हणून त्याची सही घ्यायची आणि 'बजावणी झाली' असं लिहून कागद फायलीला लावायचा, हे त्यांचं काम. ऐकायला पोस्टमनसारखं वाटतं, पण नाही. पोस्टमनला बघून कुणी मागच्या दाराने पळत नाही. भाऊजींचा स्वभाव मुळात निवांत. ते जिन्यातून हाका मारत नसत, शेजाऱ्यांना कामाचा सुगावा लागू देत नसत आणि दार उघडलं की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: "काळजी करू नका, ही फक्त पोहोच आहे." एवढं ऐकलं की माणूस सही करून मोकळा व्हायचा. एकतीस वर्षांत त्यांची एकही बजावणी रद्द झाली नव्हती. त्याचा त्यांना गर्व होता आणि तो ते लपवतही नव्हते. मी त्यांना तोंडावर म्हणायचे, की भाऊजी, तुम्ही यमालासुद्धा रजिस्टरवर सही करायला लावाल.

त्यांच्या खिशात एक वही असायची. दर वर्षी नवी. दार कोणत्या रंगाचं, कुणी उघडलं, घरात कोण होतं, माणूस काय बोलला, सगळं ते जिना उतरता उतरता लिहायचे. सरकारी नियमात असली वही कुठेच नाही. मी एकदा विचारलं की हा उपद्व्याप कशाला, तर म्हणाले, सगळी दारं सारखीच दिसायला लागतात, मग आपण कुणाकडे जाऊन आलो ते कळत नाही.

शेवटची चौदा वर्षं त्यांच्याकडे परदेशातून येणारे कागद होते. आता हा प्रकार थोडा समजावून सांगायला हवा, कारण मलाही तो कळायला दोन वर्षं लागली. माणसं एका देशात लग्न करतात, दुसऱ्या देशात त्यांना पोरं होतात आणि तिसऱ्याच देशात बसून एकमेकांशी भांडतात. माणसांना पाय असतात, कोर्टाला नसतात. ते आपल्या हद्दीत बसलेलं असतं. मग प्रश्न येतात. हे भांडण ऐकायचा अधिकार कोणत्या कोर्टाला? कायदा कुणाचा लावायचा, इथला की तिथला? आणि तिथल्या कोर्टाने निकाल दिला, तर तो इथे चालतो का? शेवटच्या प्रश्नावर आमच्या हेडक्लार्कचं उत्तर ठरलेलं होतं. चालतो, पण आंधळेपणाने नाही. आपलं कोर्ट आधी बघणार, की ज्याच्या विरुद्ध निकाल गेला त्याला वेळेवर कळवलं होतं का, त्याचं म्हणणं मांडायची संधी त्याला मिळाली होती का. ती मिळालीच नसेल, तर तो निकाल आपल्या दृष्टीने नुसता कागद.

आणि हे कळवायचं काम कुणाचं? त्या परक्या कोर्टाचा बेलिफ इथे येऊ शकत नाही. ते कोर्ट कागद आपल्या सरकारकडे पाठवतं, सरकार आपल्या कोर्टाकडे, आणि शेवटी तो येतो भाऊजींच्या पिशवीत. प्रत्येक वेळी कागदांचे दोन संच येतात. एक माणसाला द्यायचा, दुसरा सहीसकट परत पाठवायचा. कागद परक्या भाषेत असेल तर दोन्ही संचांना भाषांतर जोडलेलं हवं, म्हणजे घेणाऱ्याला निदान कळेल तरी की आपल्या डोक्यावर काय येतंय.

परतीच्या संचावर भाऊजींचा भारी जीव. कडेला तीन भोकं पाडून, पांढऱ्या दोऱ्याने शिवून, शेवटी स्वतःची खास गाठ मारून ते तो संच तयार करायचे. एकदा कुठल्याशा लांबच्या कोर्टाने पत्र पाठवलं, की इतके व्यवस्थित कागद आम्हाला कुठूनच येत नाहीत. हेडक्लार्कने ते पत्र सूचना फलकावर लावलं. झालं. त्या दिवसापासून भाऊजी परतीच्या संचाला देव्हाऱ्यात ठेवल्यासारखे जपायला लागले. पत्राने घात केला असं मी म्हणते. ते म्हणतात पत्राचा काही दोष नाही.

आता इस्त्रीवालीची गोष्ट. कोर्टामागच्या रस्त्यावर एक लाँड्री आहे, तिथे ती शर्टांना इस्त्री करते. वर दोन खोल्यांत राहते, ती आणि तिची मुलगी. नवरा परदेशात लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत कामाला. लग्न इथे झालं, मुलगी तिकडे झाली. मुलगी चार वर्षांची असताना बायकोला तिकडे अगदी नकोसं झालं, तेव्हा नवऱ्यानेच दोघींना विमानतळावर आणून सोडलं. जा, थोडे दिवस राहून या, असं म्हणाला. ते थोडे दिवस काही संपले नाहीत. मुलगी इथल्या शाळेत गेली, इथे तिचे दात पडले आणि इथेच नवे आले.

मग एके दिवशी सकाळी भाऊजी लाँड्रीत गेले. तिने इस्त्री उभी केली, हात पुसले, सही केली. कागद परक्या भाषेत होते. नवरा अधूनमधून तिकडे राहायच्या परवान्याचे असलेच कागद सहीला पाठवायचा, तेव्हा तिला वाटलं तसलंच काहीतरी असेल. तिने ते कपाटात ठेवून दिले. कुणाला तरी विचारायला हवं होतं की नाही? हवं होतं. मी हे तिलाही सांगितलंय.

कागद परवान्याचे नव्हते. नवऱ्याने तिकडच्या कोर्टात घटस्फोट आणि मुलीचा ताबा मागितला होता. तारखेला ती गेली नाही, वकील दिला नाही, उत्तर दिलं नाही. कोर्टाने बजावणीची पोहोच बघितली, सुंदर शिवलेली, भाषांतरासकट, आणि मुलगी बापाला देऊन टाकली. कहर म्हणजे नवरा-बायको दर रविवारी फोनवर बोलत होते. मुलीचा अभ्यास, मुलीचा खोकला, सगळं बोलायचे. तो केसचं काढायचा नाही, कारण त्याला वाटायचं हिला सगळं माहीत आहे आणि ही गप्प आहे म्हणजे हिला मान्य आहे. तिला तर माहीतच नव्हतं.

मुलगी साडेआठ वर्षांची असताना तो ते हुकूमपत्र घेऊन इथे आला आणि आमच्या कोर्टात अर्ज केला, की हा निकाल इथे लागू करा आणि माझी मुलगी मला न्यायला द्या. तेव्हा पहिल्यांदा इस्त्रीवालीला कळलं की दीड वर्षापासून मुलगी कागदोपत्री तिची राहिलेलीच नाही. शेवटच्या सुनावणीला तीन आठवडे होते. बापाने परतीची तिकिटं काढली होती. दोन.

ती शपथेवर सांगत होती की मला जे दिलं ते मला वाचता येत नव्हतं. तिचं कोण ऐकणार? फायलीत परतीच्या संचाची प्रत होती. त्यात भाषांतर होतं आणि खाली भाऊजींच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'भाषांतरासह बजावणी झाली'. ज्याची बजावणी कधी चुकली नाही त्याचा शब्द एका बाजूला आणि मुलगी वाचवायला धडपडणाऱ्या आईचा दुसऱ्या बाजूला. मीच ती फाईल काढून न्यायाधीशबाईंच्या टेबलावर ठेवली आणि खरं सांगते, मलाही वाटलं, ही बाई खोटं बोलतेय.

त्या संध्याकाळी मी बहिणीकडे जेवायला होते. बोलता बोलता मी ही केस सांगितली. भाऊजी जेवता जेवता थांबले. लाँड्री कुठली, साल कोणतं, एवढंच विचारलं. मग उठले, हात धुतले आणि कपाटातून त्या वर्षाची वही काढली. पान सापडायला वेळ लागला नाही. त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. लिहिलं होतं: 'लाँड्री. दार निळं, उघडंच. बाई एकटी. भाषांतर एकच आले. झेरॉक्स बंद. परतीच्या संचाला लावले. बाईने काही विचारले नाही.'

म्हणजे बघा. तिकडून चुकून एकच भाषांतर आलं. आमचं झेरॉक्स मशीन नेहमीप्रमाणे आजारी. बाहेर जाऊन प्रत काढायची, नाहीतर एक दिवस थांबायचं, एवढं सोपं होतं. पण भाऊजींच्या डोक्यात परतीचा संच. तो अपुरा गेला तर तिकडचं कोर्ट काय म्हणेल! ज्या बाईसाठी भाषांतर होतं तिला सोडून ते तिकडच्या न्यायाधीशाला गेलं, ज्याला मूळ कागदाची भाषा आधीच येत होती. अशी चूक आळशी बेलिफाच्या हातून होत नाही. ती व्हायला भाऊजींसारखाच टापटिपीचा माणूस लागतो.

आता माझी लाज सांगते. मी म्हटलं, "भाऊजी, वही तुमच्या कपाटात होती, ती तिथेच राहू दे. कोर्टाने ती मागितलेली नाही. निवृत्तीला दोन महिने राहिलेत, गप्प बसा."

माझी बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, की तू जेवायला आलीस की वकिली करायला.

भाऊजींनी वही मिटली. मग म्हणाले, "तिने सही केली ती मी काळजी करू नका म्हणालो म्हणून. काळजी करायला हवी होती तिने."

मी ताट उचललं आणि घासायला गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी न्यायाधीशबाईंना अर्ज दिला, की मला साक्ष द्यायची आहे. कोर्टात बातमी पसरायला किती वेळ लागतो! दुपारपर्यंत चार जणांनी त्यांना समजावलं. हेडक्लार्कने तर मला बाजूला घेऊन विचारलं, की घरी सगळं ठीक आहे ना. सुनावणीच्या दिवशी भाऊजी नेहमीचेच बूट, नेहमीचाच सदरा घालून आले. नवीन काय असेल तर हातात एक मोठी कापडी पिशवी होती. पिंजऱ्यात उभे राहिले तेही रोज जिना चढतात तसेच, सावकाश आणि ताठ. मला वाटलं होतं त्यांचा आवाज कापेल. छे. मागच्या बाकावर मलासुद्धा शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.

ते म्हणाले, "भाषांतर मी बाईंना दिलं नाही. ते एकच होतं आणि ते मी परत पाठवलं. 'भाषांतरासह' असं लिहिलं ते खोटं आहे, आणि ते मी लिहिलं आहे."

नवऱ्याचा वकील हुशार होता. त्याने हसत हसत विचारलं, की एकतीस वर्षांत यांची एकही बजावणी चुकली नाही म्हणतात, मग नेमकी हीच चुकलेली बरी आठवली? भाऊजींनी कापडी पिशवी कठड्यावर ठेवली. सगळ्या वर्षांच्या वह्या होत्या. "बाकीच्याही तपासा," ते म्हणाले. "चुकल्या असतील तर मलाही कळलेलं बरं."

वकिलाने मग दुसरी वाट धरली. बाई पाच वर्षं तिकडे राहिली, तिला ती भाषा येते, भाषांतर हवं कशाला? मुद्दा बिनतोड वाटत होता. न्यायाधीशबाईंनी फाईल उघडली. त्यांनी मूळ कागदाचं पहिलं पान इस्त्रीवालीच्या हातात दिलं आणि वाचायला सांगितलं. तिने स्वतःचं नाव वाचलं, मुलीचं नाव वाचलं, तारीख वाचली. पुढे तिचं बोट ओळीवरून सरकत राहिलं, तोंडातून काही येईना. भाजी घ्यायला आणि बस विचारायला लागते तेवढी भाषा तिला बोलता येत होती. लिपी वेगळी, ती शिकायला कुणी पाठवलं नव्हतं. मी नवऱ्याकडे बघत होते. हे त्याला माहीत असणारच ना? त्याने मान खाली घातली. नंतर तो आपल्या वकिलाच्या कानाशी लागला आणि वकिलाने तो मुद्दा सोडून दिला. माणूस वाईट नव्हता, हे मी तेव्हा कबूल केलं. त्यालाही लेक हवी होती, एवढंच.

निकाल मी तोंडपाठ केलाय. न्यायाधीशबाईंनी लिहिलं, की परदेशी कोर्टाच्या निकालाचा आम्ही मान ठेवतो, पण आईला समजेल अशा रीतीने कळवलं गेलं नाही आणि तिचं म्हणणं ऐकलं गेलं नाही, म्हणून हा निकाल इथे लागू करता येणार नाही. मुलगी आज जिथे राहते, शिकते, तिथलं कोर्ट तिच्या ताब्याचा प्रश्न नव्याने ऐकेल, आणि बापाला अर्ज करायचा असेल तर त्याने इथे करावा. तोवर मुलगी आईकडे. त्या तिकिटांचं नवऱ्याने काय केलं ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या आठवड्यात त्याने इथेच अर्ज केला.

भाऊजींनाही निकालात एक परिच्छेद मिळाला. त्यांच्या सेवापुस्तकात ठपका लागला, लाल शाईने. आणि त्यांचे परदेशी कागद तपासायचं काम कुणाच्या गळ्यात पडलं? माझ्या. तीनशे ऐंशी फायली, सहा आठवडे, नाकातोंडात धूळ. रोज मी त्यांच्या नावाने बोटं मोडत होते आणि रोज प्रत्येक फाईल वहीच्या पानाशी ताडून बघत होते. आणखी दोन ठिकाणी तेच झालेलं सापडलं. कोर्टाने त्या दोघांना पत्रं पाठवली. भाऊजींनी दोन्ही पत्ते स्वतःच्या वहीत उतरवून घेतले. एकतीस वर्षांचं त्यांचं ते 'एकही नाही' संपलं होतं. मला त्यांचं वाईट वाटलं, खूप वाटलं, आणि तेवढाच अभिमानही वाटला. त्यांना मात्र मी फायलींबद्दल चार शब्द सुनावले.

ताब्याचं पुढे काय झालं तेही सांगून टाकते, नाहीतर तुम्ही त्यातच अडकून बसाल. मुलगी आईकडेच राहिली. मोठ्या सुट्टीत ती बापाकडे जाते, आणि या वेळी दोन्हीकडच्या कोर्टांनी एकमेकांचा कागद मान्य केला. पण तो निकाल भाऊजी निवृत्त झाल्यावर लागला. मला सांगायचंय ते त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यातलं.

बापाने अर्ज केला म्हणजे आईला नोटीस द्यायला हवी. ती नोटीस कुणी न्यायची यावर कुणाचं भांडण होणारच नव्हतं, कारण कुणालाच ती नको होती. भाऊजींनी मागून घेतली. मला म्हणाले, चल, साक्षीदार म्हणून. मी म्हटलं, मला काय तुमच्यासारखे जिने चढायची हौस आहे? पण गेले.

रविवार होता, लाँड्री बंद होती. आम्ही वर गेलो. दार मुलीने उघडलं, तिच्यामागे आई. इस्त्रीवालीने भाऊजींना ओळखलं आणि तिचा चेहरा घट्ट झाला. ओठांवर आलेलं नेहमीचं वाक्य भाऊजींनी गिळलं, ते मला दिसलं. ते म्हणाले, "कोर्टाची नोटीस आहे. अकरा पानं. तुम्हाला वाचता येते त्या भाषेत आहे. सगळी वाचा आणि मगच सही करा. मी थांबतो."

तिने आत या म्हटलं नाही. उंबऱ्यातच उभी राहून वाचायला लागली. एकेक ओळ, बोट ठेवून. अडलं तिथे तिने विचारलं, भाऊजींनी सांगितलं, परत अडलं, परत सांगितलं. माझे पाय दुखायला लागले. कठड्याला टेकले, घड्याळ बघितलं, एकदा खोकून पाहिलं, भाऊजींनी माझ्याकडे असं बघितलं की पुढे खोकलाच आला नाही. दोन मिनिटांत पोहोच घेऊन जिना उतरणारा हा माणूस पाऊण तास त्या दारात उभा होता.

मुलगी आईच्या हाताखालून कागदात डोकावत होती. शेवटी तिने भाऊजींनाच विचारलं, "यात माझं नाव आहे?"

"आहे," भाऊजी म्हणाले. "पान तीन."

"मला कुणी विचारणार आहे का?"

भाऊजी गुडघ्यावर बसले. त्यांचे गुडघे वाजले, जिन्यात ऐकू आलं. त्यांनी आईकडे हात पुढे केला. ती जरा थांबली, मग तिने कागद दिले. त्यांनी नववं पान काढून मुलीपुढे धरलं आणि एका ओळीखाली बोट ठेवलं. मुलगी मोठ्याने वाचायला लागली, अडखळत, पण स्वतःच: "न्यायाधीश... मुलीशी... स्वतः बोलतील... आणि तिचं म्हणणं ऐकून घेतील."

तिने ते परत एकदा वाचलं. मग आईने कागद घेतले, उरलेली दोन पानं वाचली आणि सही केली.

जिना उतरताना भाऊजींनी वही काढली. मी वाकून बघितलं. दार कोणत्या रंगाचं ते या वेळी त्यांनी लिहिलंच नव्हतं. लिहिलं होतं: 'दोघींनी वाचले.'